फी शून्य, तारीख पुढची

नव्या मिक्सरमधून धूर निघाला, की दुकानदार बिलाच्या मागच्या बाजूवर बोट ठेवतो: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. सदोष माल परत न घेणं ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार अनुचित व्यापारी प्रथा. पण ते बिलावर कोण छापणार?

मग नाशिककर जिल्हा ग्राहक आयोगाकडे वळतो. मोजलेली किंमत पाच लाखांच्या आत, म्हणून फी शून्य. वकिलाची सक्ती नाही. स्वस्तच की! फक्त तक्रार, प्रतिज्ञापत्र, बिल, वॉरंटी कार्ड, पाठवलेली नोटीस, तिची पोचपावती आणि या सगळ्याचे संच. (झेरॉक्सवाल्याचा निकाल त्याच दिवशी लागतो.)

समोरच्याला जबाबासाठी 30 दिवस, फार तर आणखी 15; त्यापुढे मुदत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 2020 मध्ये बजावलं. निकालाचं मात्र कायदा मवाळपणे सांगतो: तीन महिन्यांत लावायचा प्रयत्न करावा. तेवढ्या फटीत अख्खा सिंहस्थ मावेल. आणि तो निदान बारा वर्षांनी येतो तरी.

दरम्यान कंपनीचे वकीलसाहेब कसारा घाट चढून येतात, पुढची तारीख मागतात आणि झणझणीत मिसळ खाऊन मुंबईला परततात. तर्रीबद्दल त्यांची काहीही तक्रार नसते.