लॉट पास झाला का?

आमच्या देऊळगाव राजात सल्ला गावातच मिळतो, वस्तू मात्र जालन्याहून आणावी लागते. फ्रीज असो, शालू असो की सोनं, गाडी जालन्याच्याच दिशेने निघते. जिल्हा आमचा बुलढाणा, पण खिसा जालन्याचा. निघण्याआधी दोन ठिकाणी विचारून घ्यायची रीत आहे. एक बालाजीला. राजे जगदेवराव जाधवांनी इथे देऊळ बांधलं तेव्हापासून लहानमोठ्या सगळ्या व्यवहारांची परवानगी त्याच्याकडून घेतली जाते. दुसरं, 'त्यातलं कळणाऱ्या' माणसाला. कॉम्प्युटरच्या बाबतीत हा दुसरा मान गावाने माझ्या गळ्यात घातला आहे.

मी डीटीपीवाला. लग्नपत्रिका, हँडबिलं, तेरवीची कार्डं, सोसायटीचे वार्षिक अहवाल. माणूस दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो म्हणजे त्याला आतलंही कळत असणार, असा लोकांचा हिशेब. एमएस-सीआयटीचा फॉर्म भरण्यापासून प्रिंटर का रुसलाय इथपर्यंत सगळं माझ्याकडे येतं. मान फुकट मिळत असेल तर नाकारू नये, म्हणून मीही कधी नाकारला नाही. त्यामुळे भाचा येऊन म्हणाला, "मामा, लॅपटॉप घ्यायचाय, पण हाय परफॉर्मन्सवाला," तेव्हा मी चष्मा पुसून घेतला.

भाचा लग्नाचं शूटिंग करतो. तुळशीचं लग्न लागलं की त्याचा हंगाम सुरू होतो तो आषाढाच्या तोंडापर्यंत. आधी खडकपूर्णा धरणाच्या पाण्याकाठी नवरा-नवरीचं प्री-वेडिंग, मग हळद, मग लग्न, आणि डोक्यावर घोंघावणारा ड्रोन. एक काळ असा होता की व्हीएचएस कॅसेट एक, कॅमेरा एक आणि त्याच्यामागे दिव्याची वायर धरून पळणारा पोरगा एक, एवढ्यात अख्खं लग्न उरकायचं. आता फोर-के. कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट लिहीत असेल तर तासाला साधारण ४५ जीबी होतात. दोन कॅमेरे तीन-तीन तास चालले की पावणेतीनशे जीबी, ड्रोनचं वेगळं. म्हणजे ५१२ जीबीची डिस्क दुसऱ्या लग्नाची शेवटची पंगत उठायच्या आत भरली. त्याच्या जुन्या लॅपटॉपवर प्लेचं बटण दाबलं की नवरी एक पाऊल टाकायची आणि विचार बदलल्यासारखी उभी राहायची. वरमाला हवेत. गिऱ्हाईक मागे उभं असताना हे फार वाईट दिसतं.

तेव्हा गरज खरी होती. माझं ज्ञान मात्र पेंटियमच्या जमान्यातलं, म्हणून आठवडाभर रात्री बसून अभ्यास केला. जे कळलं ते असं: आय-फाइव्ह, आय-सेव्हन, आय-नाइन हे आकडे दुकानाच्या पाटीवर शोभतात; खरी गोम असते लांबलचक नंबराच्या शेवटी लटकलेल्या इंग्रजी अक्षरात. यू असेल तर तो प्रोसेसर साधारण १५ वॅटवर भागवणारा, बॅटरी जपणारा. एच असेल तर ४५ वॅटच्या घरातला. एचएक्स त्याहून खादाड. तासभर सलग राबवायचं म्हटलं तर यूवाला आय-सेव्हन एचवाल्या आय-फाइव्हच्या मागे पडू शकतो. ग्राफिक्स कार्डाचं तर याहून गमतीचं. आरटीएक्स ४०६० हे लॅपटॉपमधलं कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही ताकदीवर बसवायची मुभा लॅपटॉप बनवणाऱ्याला आहे. नाव तेच, चकचकीत स्टिकर तोच, आणि वॅटचा आकडा पेटीवर ठळक छापलेला मी तरी अजून पाहिलेला नाही. रॅम सोळा हवी, बत्तीस असली तर उत्तम. पण ती बोर्डाला डाग देऊन कायमची चिकटवली आहे की नंतर वाढवता येते, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

हे सगळं वाचताना आपल्या वऱ्हाडातले विजय भटकर आठवत राहिले. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचा हा माणूस. मान्सूनच्या अंदाजासाठी भारताला हवा तसा महासंगणक द्यायला अमेरिकेने खळखळ केली, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभं राहिलं आणि त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. सेकंदाला साधारण अब्जभर गणितं करणारं यंत्र म्हणून देशाची मान ताठ झाली. आज जालन्याच्या दुकानात काचेमागे ठेवलेल्या लॅपटॉपमधलं ग्राफिक्स कार्ड, निव्वळ आकडेमोडीच्या वेगात, त्याच्या कित्येक हजार पट पुढे आहे. ज्या ताकदीसाठी देशादेशांत पत्रव्यवहार झाले, ती आता नवरीच्या मैत्रिणी हळद उधळतात ते स्लो मोशनमध्ये दाखवायला लागते. याला मी अधोगती वगैरे म्हणणार नाही. मुलीच्या बापाच्या लेखी त्या दिवशी मान्सूनच्या अंदाजापेक्षा हळद महत्त्वाची असते.

माझं टिपण दोन पानांचं झालं. ते मी बहिणीच्या घरी ओसरीवर बसून वाचून दाखवलं. भाचा माना डोलावत होता. निम्मे पैसे दाजी देणार होते, म्हणून तेही ऐकत होते.

दाजींबद्दल सांगायला हवं. ते शेडनेटमध्ये बीजोत्पादन घेतात. आमच्या आणि सिंदखेड राजाच्या भागात पांढऱ्या-हिरव्या जाळ्यांची ही शेती गावोगाव दिसते. मिरची, टोमॅटो, काकडीचं संकरित बियाणं इथे तयार होतं आणि जालन्याच्या कंपन्यांकडे जातं. जालन्यात बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली महिको काढली, पुढे १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्या शहराचं बियाण्याचं वेड तेव्हापासूनचं. काम सगळं हाताचं. मिरची-टोमॅटोची कळी उमलायच्या आत चिमट्याने तिच्यातले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या दिवशी नराचे परागकण आणून लावायचे, कोणती कळी झाली याची खूण करायची, आणि असं हजारो कळ्यांना. मग बियाणं कंपनीत जातं, तिथे त्याची उगवण आणि शुद्धता तपासतात, आणि लॉट पास झाला तर पैसे. फेल झाला तर काय, ते विचारू नये. महिनोन्महिने निकालाची वाट पाहून दाजींच्या बोलण्यात जगातल्या सगळ्या गोष्टींचे दोनच प्रकार उरलेत. जावई, सरपंच, मोटरपंप, सगळे एकतर पास नाहीतर फेल.

माझं वॅट-पुराण संपल्यावर ते म्हणाले, "भाऊ, हे सगळं पिशवीवर छापलेलं झालं. उगवण कधी काढायची?"

सोयाबीनचं ते दर जूनच्या आधी असंच करतात. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी, शंभर दाणे. गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवायचं, अधूनमधून पाणी शिंपडायचं, आणि पाच-सात दिवसांनी कोंब मोजायचे. सत्तर उगवले तर ते बियाणं शेतात जातं, नाही उगवले तर जास्त पेरायचं नाहीतर बदलायचं. पिशवीवरचा टक्का कोणी खोटा म्हणत नाही, पण मोजतात सगळेच.

"आपलं एखादं लग्न घेऊन जाऊ. तिथंच लावून पाहू," दाजी म्हणाले. भाच्याने डोळे मिटून घेतले. बाप बरोबर येणार, हे त्याच्या ध्यानात आलं होतं.

जालन्याच्या दुकानात दोन मशीन निवडून काढली. एक महाग, एक तिच्याहून वीसेक हजारांनी स्वस्त. दुकानातल्या पोराने महागड्या मशीनवर नमुन्याचा व्हिडिओ लावला: बर्फाचे डोंगर, मग एक पोपट, त्याचं एकेक पीस मोजून घ्यावं इतका स्वच्छ. दाजी बराच वेळ पाहत होते. मग त्यांनी विचारलं, "हा पोपट कोणाच्या लग्नातला?"

पोरगा हसला, पण हार्ड डिस्क जोडू दिली. एडिटिंगचं सॉफ्टवेअर दोन्हीकडे उतरेपर्यंत दोन चहा झाले. भाच्याने गेल्या हंगामातलं एक लग्न उघडलं. अंतरपाट धरलेला, अलीकडे नवरा, पलीकडे नवरी, मागे मामा. मंगलाष्टक संपून 'सावधान' झालं, आणि महागड्या मशीनवर अक्षता हवेतच थांबल्या. भटजींचा आवाज पुढे निघून गेला, वाजंत्री सुरू झाली, अक्षता तिथेच. मग एकदम सगळ्या नवऱ्याच्या खांद्यावर. स्वस्त मशीनवर तोच तुकडा लावला. अक्षता पडल्या, एक अंतरपाटाच्या काठावर अडकली तीही दिसली.

याचं कारण नंतर भाच्याने समजावलं. त्याचा कॅमेरा एच-२६५ प्रकारात, १०-बिट ४:२:२ अशा रीतीने रंग साठवतो. रंगांची माहिती त्यात जास्त, म्हणून नंतर चेहऱ्यावरचा पिवळा दिवा सावरून घेता येतो. पण इतकं घट्ट दाबून भरलेलं चित्र क्षणोक्षणी उलगडायला चिपमध्ये वेगळी सोय लागते. इंटेलच्या प्रोसेसरांत ती ११व्या पिढीपासून सर्रास आली. एनव्हिडियाच्या कार्डांत ५०-मालिकेबरोबर, म्हणजे २०२५ मध्ये. महागड्या मशीनमधला प्रोसेसरही त्या सोयीचा नव्हता आणि कार्डही आधीच्या मालिकेतलं. खेळ खेळायला, थ्रीडी करायला ते उत्तमच. लग्नाला नाही. हलक्या प्रती करून काम भागवता येतं म्हणे, पण त्यात रात्र जाते, आणि हंगामात रात्रीच तर नसतात.

रंगाची परीक्षा मी घेतली, कारण छपाईवाल्याला निदान तेवढा अधिकार आहे. दुकानात त्या स्वस्त मशीनच्याच कंपनीचं त्याहूनही स्वस्त तिसरं एक मशीन होतं, माहितीपत्रकात पडद्यापुढे '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेलं, म्हणजे रंगांचा आवाका कमी. त्यावर डाळिंबी शालू विटकरी दिसत होता. शंभर टक्के एसआरजीबी असलेल्या पडद्यावर तो पुन्हा डाळिंबी झाला. आमच्या धंद्यात शालूचा रंग चुकवून चालत नाही. नवरीची आई एक वेळ नवऱ्याचा चेहरा अंधारात गेलेला खपवून घेते.

मग दाजींनी दुकानदाराला एसी बंद करायला सांगितलं. माणूस थक्क झाला. "आमच्या घरी मे महिन्यात हे यंत्र चालायचंय, इथं थंडीत पास झालं तर काय उपेग?" युक्तिवाद बिनतोड होता. लॅपटॉप बनवणारे बहुधा सभोवतालची हवा ३५ अंशांपर्यंत असावी असं लिहितात. आमच्याकडे ३५ हा आकडा मार्चमध्येच मागे पडतो. आतली चिप ९५-१०० अंशांना टेकली की स्वतःला वाचवायला आपण होऊन वेग कमी करते, मग आय-नाइन असो की आणखी काही. दुकानदाराने एसी बंद केला नाही, पण स्वस्त मशीन शटरजवळच्या टेबलावर ठेवू दिलं, जिथे रस्त्यावरची झळ येत होती. अर्धा तास रेंडर चाललं. पंखा पिठाच्या गिरणीइतका गरजत होता. दाजी दर पाच मिनिटांनी कीबोर्डवर तळहात ठेवून पाहत होते आणि मधूनच पट्टीवर सरकणारा टक्का वाचत होते. शंभर झाल्यावर त्यांनी जाहीर केलं, "पास."

कीबोर्डखालचे लाल-निळे दिवे बंद होतात ना, एवढीच त्यांची शेवटची शंका होती. होतात, असं पोराने सांगितलं आणि बंद करून दाखवले. भाच्याला ते दिवे हवे होते, पण त्याने तोंड उघडलं नाही.

बिल होईपर्यंत मी ते महागडं मशीन हळूच पुन्हा उघडून पाहत होतो. इतकं वाचल्यावर माणसाला लोभ सुटणारच. दुकानदार जवळ येऊन अदबीने म्हणाला, "सर, तुमचं काम काय असतं?" मी म्हटलं, श्रीलिपीत टायपिंग, कोरलमध्ये पत्रिका. त्याने एक क्षण विचार केला आणि मला साडेपाचशे रुपयांचा कीबोर्ड दाखवला. घेतला.

बिलावर १८ टक्के जीएसटी पाहून दाजी जरा हलले. भाच्याच्या धंद्याची नोंदणी असल्याने तो कर पुढे वळता करून घेता येईल, हे मी त्यांना गाडीत समजावलं. ते त्यांना पटलं की नाही कळलं नाही, पण सिंदखेड राजाच्या फाट्यापर्यंत ते गप्प होते.

आता मशीन बहिणीच्या घरी मधल्या खोलीत आहे. लग्नसराई जोरात आहे आणि ऊनही. घरात कूलर एक. त्याची ओली हवा थेट लॅपटॉपवर नको, पण खोली तर गार राहिली पाहिजे, म्हणून भाच्याने तो मोजूनमापून तिरका लावला आहे, आणि त्या कोनात खाट बसत नाही. दाजींची पथारी गच्चीवर गेली. परवा मी सहज विचारलं, झोप लागते का वर? म्हणाले, डास फार. मग खाली या की, म्हटलं. "कसा येऊ? डोणगावचं लग्न बासष्ट टक्क्यावर हाये."