साहेबांचा भाव

नाना पेठेत गाडीचा पार्ट घ्यायला गेलं की पार्टची किंमत नंतर कळते, आपली आधी. आमच्या शेठच्या काउंटरवर ती पहिल्याच हाकेत ठरते. "काय रे?" म्हणजे गॅरेजचा पोऱ्या. त्याला भाव तळाचा, पैसे वहीत. "बोला मिस्त्री" म्हणजे भाव जरासा वर, पण रोख. "काय हवंय दादा?" म्हणजे दहा-वीस रुपये सुटतील. आणि "या, साहेब" म्हटलं की संपलं. साहेबांना छापील किंमत, सोबत गार पाणी.

शेठ तोंडाकडे बघत नाही, नखांकडे बघतो. खरेदीचा भाव खोक्यावर पेन्सिलीनं अक्षरांत लिहिलेला असतो. ती अक्षरं फक्त त्याला आणि त्याच्या मुलाला वाचता येतात. एकदा मी चिडून म्हणालो, "हा पक्षपात झाला."

"छापील किमतीच्या वर एक पैसा घेतला तर कायदा मला धरेल, साहेब. खाली कुणासाठी किती उतरायचं, ते माझ्याकडे. मिस्त्री महिन्याला तीस वेळा येतो, तुम्ही तीन वर्षांनी. तेही निम्म्या वेळा चुकीचा पार्ट नेऊन परत करायला."

सप्टेंबर २०२५ मध्ये पार्टवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला. सूट सरकारची, पण "तुमच्यासाठी कमी केलं, साहेब" हे वाक्य शेठचं.

परवा स्कूटरचे ब्रेक शू घ्यायचे होते. म्हटलं, या खेपेला मिस्त्री व्हायचंच. जुना शर्ट चढवला, चेनचं वंगण नखांत भरलं, जुने शू फडक्यात गुंडाळले आणि काउंटरवर कोपर टेकून म्हणालो, "शेठ, लायनर काढा. लोकल नको, कंपनीचा."

शेठनं नखं पाहिली. "बोला मिस्त्री!"

इतक्या वर्षांत ही हाक पहिल्यांदाच ऐकली. ऊर भरून आला. शेजारच्या मिस्त्रीला तोच जोड १८०ला गेलेला मी नुकताच कानांनी ऐकला होता. तेवढ्यात शेठनं मान वर न करता विचारलं, "एकशेदहा का एकशेतीस?"

१८० वरून माणूस आपणहून इतका खाली? मी मिस्त्रीच्या थाटात हात उडवला. "एकशेदहाच लावा. नेहमीचं गिऱ्हाईक आहे."

दुकान गप्प झालं. पोऱ्या फिसकन हसला. शेठनं माझ्या हातातलं फडकं सोडवलं, जुना शू उलटून पाहिला आणि मुलाला हाक मारली, "एकशेतीस मिलिमीटरचा ड्रम आहे, तो जोड काढ."

मग माझ्याकडे वळून अतिशय मायेनं म्हणाला, "बसा, साहेब. पाणी घेणार?"