एका बटणाचा पसारा

मुक्त स्रोत प्रकल्पांत नव्या माणसासाठी काही कामं मुद्दाम राखून ठेवलेली असतात. त्यांना 'गुड फर्स्ट इश्यू' अशी चिठ्ठी डकवलेली असते. काम खरोखरच किरकोळ असतं: एखादं बटण दोन पिक्सेल खाली सरकलंय, नाहीतर एखाद्या दुव्याचा रंग फिका पडलाय. नवा गडी हुरूपाने कोड उतरवून घेतो, सीएसएसमधला एक आकडा बदलतो, ब्राउझर रीफ्रेश करतो. काहीच होत नाही. मग कुणीतरी जाणता सांगतो, 'अरे, ॲसेट बिल्ड करावे लागतील.' आणि तिथून त्याची शनिवारची संध्याकाळ कामाला लागते.

रुबी ऑन रेल्सवर उभ्या असलेल्या प्रकल्पांत २०१९ ते २०२१च्या सुमारास ज्यांनी हात घातला, त्यांना पुढचे सोपस्कार तोंडपाठ असतील. आधी रुबी घ्या, तीही नेमकी सांगितलेल्या आवृत्तीची. मग नोड, मग यार्न. एका टर्मिनलमध्ये रेल्सचा सर्व्हर चालू ठेवा, दुसऱ्यात फाइलींची मोट बांधणाऱ्या वेबपॅकचा. रेल्स आणि वेबपॅक यांची सोयरीक जुळवणाऱ्या वेबपॅकरच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांबरोबर नोड-सास नावाचं पॅकेज यायचं. ते आतून सी प्लस प्लसमध्ये लिहिलेलं. तुमच्या नोडच्या आवृत्तीसाठी तयार बायनरी मिळाली तर ठीक, नाहीतर ते तुमच्याच मशीनवर कंपाइल व्हायला बसायचं आणि त्यासाठी पायथन मागायचं. पायथनही जुनं, दोन नंबरचं. तीन दिलं तर रुसून बसायचं. म्हणजे रुबीच्या प्रकल्पात सीएसएसचा एक आकडा बदलायला जावास्क्रिप्ट, सी प्लस प्लस आणि पायथन अशी तीन भाषांची वरात. दोघांपुरते पोहे करायला आचारी बोलवावा, त्याने मदतनीस आणावा आणि मदतनिसाने दारातूनच विचारावं, 'सिलिंडर कुठल्या कंपनीचा?', त्यातला प्रकार. बरं, तक्रार करायची सोय नाही. प्रकल्पातल्या जुन्या मंडळींचं उत्तर ठरलेलं: 'माझ्याकडे तर चालतंय.'

पण हा पसारा कुणी हौसेने मांडला नव्हता, हेही खरं. २०११ साली रेल्स ३.१मध्ये ॲसेट पाइपलाइन आली, तेव्हाचे ब्राउझर अगदीच बेताचे होते. एका सर्व्हरकडून एका वेळी साधारण सहाच फाइली मागता यायच्या, त्यामुळे शंभर फाइलींची एक मोट बांधून पाठवणं शहाणपणाचं होतं. मॉड्यूल ही चीज ब्राउझरला ठाऊकच नव्हती. जावास्क्रिप्ट लिहिणं इतकं नकोसं वाटायचं, की त्याऐवजी कॉफीस्क्रिप्ट लिहून ते भाषांतरित करून घ्यायची पद्धत रेल्सने थेट घरातच आणली. त्यात इंटरनेट एक्सप्लोररचे रुसवेफुगवे सांभाळायचे. पुढे एनपीएमवरची पॅकेजं हवीशी झाली, म्हणून २०१९मध्ये रेल्स ६ने वेबपॅकर मुक्रर केलं. दर टप्प्यावर निर्णय रास्तच होता. घरात एकेक वस्तू गरजेपोटी येते आणि मग एक दिवस दार उघडेनासं होतं, तसं काहीसं झालं.

गंमत अशी, की मधल्या काळात ब्राउझर गुपचूप मोठा झाला होता. एचटीटीपी २ आल्यावर एकाच जोडणीवरून कितीतरी फाइली एकदम मागता यायला लागल्या. मॉड्यूल त्याला आपसूक कळायला लागले. आणि आपण मात्र त्याला लहानपणचे कपडे शिवतच बसलो होतो.

डिसेंबर २०२१मध्ये रेल्स ७ने हे ओळखलं आणि नव्या प्रकल्पांसाठी वेबपॅकर सोडून इंपोर्ट मॅप धरला. यात फारसं काही नसतं, हीच त्यातली खुबी. पानाच्या डोक्यात एक यादी असते: कोडमध्ये 'स्टिम्युलस' असं नाव दिसलं तर अमुक पत्त्यावरची फाइल आणायची. ब्राउझर यादी वाचतो आणि फाइल आणतो. रेल्सच्या प्रकल्पात ही यादी एका छोट्या रुबी फाइलमध्ये लिहिलेली असते, दर ओळीला एक 'पिन'. नोड नाही, यार्न नाही, दुसरं टर्मिनल नाही. फाइल जतन करायची, रीफ्रेश करायचं. सुरुवातीला सगळे ब्राउझर तयार नव्हते, म्हणून सोबत एक टेकू द्यावा लागायचा. २०२३च्या मार्चमध्ये सफारीनेही इंपोर्ट मॅप स्वीकारला. २०२४मध्ये रेल्स ८ने ॲसेट पाइपलाइन चालवणारं जुनं स्प्रॉकेट्स बाजूला सारून प्रॉपशाफ्ट आणलं. ते फाइली शोधतं, नावामागे आशयावरून काढलेली अक्षरांची शेपटी जोडतं म्हणजे ब्राउझर जुनी प्रत दाखवत बसत नाही, आणि गप्प बसतं. अवजाराने गप्प बसणं हा गुण मला उतारवयात फार आवडायला लागलाय.

सगळ्यांना हे पचणार नाही. रिॲक्टचं जेएसएक्स किंवा टाइपस्क्रिप्ट वापरायचं तर बिल्डला पर्याय नाही. मात्र तिथेही इएसबिल्डसारखं गो भाषेत लिहिलेलं अवजार डोळ्याचं पातं लवेपर्यंत काम उरकतं. खरी अडचण असते जुना पसारा काढताना. सेटअपच्या दर ओळीला एक राखणदार असतो. 'ही बेबलची ओळ कशासाठी?' असं विचारलं की उत्तर येतं, 'नक्की माहीत नाही, पण काढू नका.' धीर करून कुणीतरी ती काढतोच. मग पुल रिक्वेस्ट उघडावी तर यार्नच्या लॉक फाइलमधल्या हजारो ओळी लाल रंगात, आणि हिरव्या ओळी मोजून बोटांवर. इतका देखणा बदल तपासायला कुणीच पुढे येत नाही. भर घालणाऱ्याचं कौतुक होतं, कचरा काढणाऱ्याला 'सगळं नीट चालतंय ना?' एवढंच विचारतात.

एक नुकसान मात्र कबूल केलं पाहिजे. 'बिल्ड चालू आहे' हे वाक्य म्हणजे प्रोग्रॅमर जमातीचा राजमान्य आराम होता. स्क्रीनवर टक्के सरकताहेत, आपण खुर्ची फिरवून गप्पा मारतोय, आणि साहेबालाही काही म्हणता येत नाही. आता तीही सोय गेली. तरी काळजीचं कारण नाही: स्वयंचलित चाचण्या आहेत, त्यांना अजून कुणी हात लावलेला नाही, आणि त्या चालू असेपर्यंत खाली टपरीवर जाऊन एक कटिंग निवांत होतो.