जपून ठेवलेली किल्ली

वस्तू हरवणारी माणसं एक वेळ परवडली, जपून ठेवणारी नकोत. हरवणारा निदान ओशाळतो तरी. जपून ठेवणारा उलट आपल्यालाच धीर देतो, "जाईल कुठं? मी स्वतः जपून ठेवलीय."

आमचे भाऊजी त्या पंथातले. चोरांच्या भीतीनं त्यांनी ताईची अंगठी तांदळाच्या डब्यात जपून ठेवली होती; ती खिचडीत सापडली. भाचीचा पासपोर्ट इतका जपून ठेवला, की भारतात यायच्या आदल्या रात्री फ्रीजसुद्धा जागचा हलवावा लागला. निघाला शेवटी गणपतीच्या मखराच्या खोक्यात. "मखर कोण चोरणार?" हा त्यांचा बिनतोड सवाल.

अशा माणसानं ओहायोत तीन मित्रांबरोबर भागीदारीत विमान घेतलं. सेस्ना 172. चार माणसांचं, डोक्यावर पंख, नाकावर एक प्रोपेलर. 1956 पासून आजवर अशी 44,000 हून जास्त विमानं बनली आहेत, त्यामुळे तिकडे जुनं सेस्ना घेणं म्हणजे काही अंबानी होणं नव्हे. किल्ली सांभाळायचं काम भागीदारांनी कुणाकडे दिलं, ते सांगायला नकोच.

या विमानांची एक गंमत असते. इंजिनातल्या ठिणगीला बॅटरी लागत नाही. प्रोपेलर फिरला की मॅग्नेटो आपली वीज आपणच तयार करतो. किल्ली ऑफवर आणली की मॅग्नेटोची ठिणगी बंद. ती चालू राहिली आणि कुणी प्रोपेलर हातानं सहज फिरवला, तर इंजिन अचानक पेटून हात जायचा. म्हणून बरेच वैमानिक इंजिन बंद केल्यावर किल्ली काढून समोरच्या काचेखाली, बाहेरून येणाऱ्यालाही दिसेल अशी ठेवतात. (आतली वायर तुटली असेल तर तेवढ्यानंही भागत नाही, तेव्हा प्रोपेलरला हात लावूच नये, हे वेगळं.)

भाऊजींना हे मुळीच पटलं नाही. "विमानाची किल्ली अशी उघड्यावर? 2008 साली ऑर्कस बेटावरून त्या कोल्टन हॅरिस-मूरनं सेस्ना पळवलं. सतरा वर्षांचं पोर! शिकवायला कुणी नाही, काही नाही. किल्ली जपून ठेवायला नको?"

मी ताईकडे गेलो होतो तेव्हा शनिवारी सकाळी त्यांनी मला 'शंभर डॉलरचा बर्गर' खायला न्यायचं ठरवलं. तिकडच्या हौशी वैमानिकांचा हा जुना विनोद: पलीकडच्या विमानतळावर उडत जायचं, बर्गर खायचा आणि परत यायचं, महाग पडतं ते पेट्रोल. विमानापाशी पोचलो. दाराला कुलूप. भाऊजींनी शर्ट चाचपला, मग पँट, मग जाकीट. आतल्या चोरखिशातून एक पाकीट निघालं. त्यातून कापराची पुडी, ड्रायक्लीनरची पावती आणि कुठल्याशा बॅगेची किल्ली.

"जाईल कुठं?" भाऊजी म्हणाले.

"आणि दुसरी?"

"ती तर जपूनच ठेवलीय." असं म्हणून त्यांनी काचेतून विमानाच्या आत बोट दाखवलं.

तेवढ्यात शेजारच्या सेस्नाचा म्हातारा मालक कॉफीचा पेला घेऊन आला. काही न बोलता त्यानं आपल्या विमानाची किल्ली आमच्या दाराला लावली, जराशी हलवली. दार उघडलं! जुन्या सेस्नांच्या दारांची कुलुपं इतकी साधी आणि झिजलेली असतात, की एकाची किल्ली दुसऱ्याला लागते याचं तिथं कुणाला नवल नाही. भाऊजींचा चेहरा मात्र विमान पळवलं गेल्यासारखा झाला. इग्निशनला काही ती किल्ली लागेना. मग आतल्या कप्प्यातलं पाकीट काढलं. त्यात चिठ्ठी होती, भाऊजींच्याच सुवाच्य अक्षरात: 'किल्ली इथून काढून अधिक सुरक्षित जागी ठेवली आहे.'

इग्निशनच्या स्विचला हात घालायचा तर परवाना असलेला मेकॅनिक लागतो आणि कामाची नोंद लॉगबुकात करावी लागते. म्हणजे न खाल्लेला बर्गर शंभरात काही भागला नाही.

रात्री सगळं घर उपसलं. किल्ली मिळाली नाही. एका सूटकेसच्या अस्तरात मात्र सांगलीच्या वाड्याची वीतभर लांब लोखंडी किल्ली होती. वाडा पाडून तिथं अपार्टमेंट उभं राहिलंय, त्याला कितीतरी वर्षं झाली. आणि खाली एक एअरोग्राम. आमच्या बाबांचा. बाबांच्या हातचं एक अक्षरही आमच्या घरी उरलेलं नाही. घरं बदलताना रद्दीत गेलं असेल, वाळवीनं खाल्लं असेल. इथं ते निळ्या कागदावर, घडीसुद्धा न विरता, बसलेलं होतं. शेवटची ओळ: 'आमच्या मुलीला जपा.' भाऊजींनी ती सूचना जरा जास्तच मनावर घेतली असावी. मी पत्राचा फोटो काढून घेतला. मूळ पत्र मागायचं मनात आलं होतं, पण म्हटलं, राहू दे, त्यांच्याकडेच बरंय.

विमानाची किल्ली अजून मिळालेली नाही. नवा स्विच बसला, त्याच्या दोन किल्ल्या आल्या. भागीदारांनी एक त्या कॉफीवाल्या म्हाताऱ्याकडे दिलीय. दुसरी ताईच्या पर्समध्ये असते. उडायच्या आधी भाऊजींना मिळते आणि उतरल्यावर मागून घेतली जाते. भाऊजी हल्ली दर हिवाळ्यात पुण्याला येतात. भेटले तर चहा जरूर पाजा, गप्पा मारा, माणूस फार चांगला आहे. फक्त तुमच्या स्कूटरची किल्ली टेबलावर ठेवू नका.