विशेष संदर्भ : आंबेगाव तालुका

शिवाजीनगरहून भीमाशंकरला जाणारी एसटी मंचर, घोडेगाव करत डिंभ्याला थांबते, तेव्हा उतरणाऱ्यांत राज्यशास्त्राचा संशोधक लगेच ओळखू येतो. भाविक जागचे हलत नाहीत. धरण बघायला आलेले आधी भजी कुठे मिळतील ते विचारतात. हा सरपंच कुठे भेटतील ते विचारतो. पाठीला सॅक, हातात प्रश्नावल्यांचा गठ्ठा आणि गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र, जे कुणीही मागितलेलं नसतं.

विषय बहुधा 'पेसा कायदा आणि आदिवासींचा राजकीय सहभाग : आंबेगाव तालुक्याचा विशेष संदर्भ'. विशेष संदर्भाशिवाय सिनॉप्सिस मंजूरच होत नसावा. सकाळी पुण्याहून निघून रात्री मुक्कामाला परत जाता येतं, हे तालुका निवडण्याचं खरं कारण. प्रबंधात त्याला 'सहेतुक नमुना निवड' म्हणतात.

निवड मात्र चुकलेली नाही. तालुक्याला ज्याचं नाव, ते आंबेगावच डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. नाव तालुक्याकडे राहिलं. पाणी कालव्यांनी पूर्वेकडच्या शेतांना जातं, आणि ज्यांची भातखाचरं बुडाली ते महादेव कोळी काठावर. कुसुम कर्णिक, आनंद कपूर आणि त्यांची 'शाश्वत' संस्था यांच्यासोबत या लोकांनी मोर्चे काढले, पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीत गाळपेर केली, जलाशयातल्या मासेमारीसाठी सहकारी सोसायटी उभी केली. 2012 साली या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कारही मिळाला.

तेव्हापासून अभ्यासकांची ये-जा. परिणामी मुलाखत देण्याचा इथल्या माणसाचा अनुभव घेणाऱ्यापेक्षा कितीतरी दांडगा. पाण्याचा तांब्या पुढे करतानाच तो विचारून घेतो, "समाजकार्यवाले का राज्यशास्त्रवाले?" समाजकार्यवाल्याला अडचणी सांगायच्या, राज्यशास्त्रवाल्याला ग्रामसभा. "ग्रामसभा होते का?" "होते." "महिला बोलतात का?" "बोलतात." "निर्णय कोण घेतं?" "सगळे मिळून." संशोधक खूश. नमुना जमला.

त्याच्या सॅकमध्ये जेम्स स्कॉटचं 'वेपन्स ऑफ द वीक' असतं, 1985 सालचं. मलेशियातल्या एका खेड्यात दोनेक वर्षं राहून स्कॉटने दाखवून दिलं, की गरीब शेतकरी उघड बंड क्वचितच करतो. तो कामात चालढकल करतो, वेड पांघरतो, तोंडदेखलं हो म्हणतो. आमच्या संशोधकाने या वाक्यांखाली पिवळ्या पेनने रेघा ओढल्यात. आणि समोरचे काका चौदाव्या प्रश्नाला "मला काय कळतंय सर, अडाणी माणूस" म्हणतात, तेव्हा तो 'राजकीय जाणीव : निम्न' या चौकटीत खूण करतो. हेच काका वनहक्काच्या दाव्याची फाइल कलमांसकट तोंडपाठ सांगतात. पण ते प्रांतासमोर. पिवळी रेघ आणि काका यांच्यात हातभर अंतर असतं. तेवढं ओलांडायला स्कॉटला दोन वर्षं लागली, याला पाचची एसटी गाठायची असते.

वेळही तो हमखास चुकीची साधतो. बाळहिरड्याच्या हंगामात माणसं झाडावर, लावणीच्या दिवसांत चिखलात. घरी सापडते आजी. तीच मग 'वयोगट साठच्या पुढे' आणि नाइलाजाने 'युवा मतदार'सुद्धा.

"आजी, शासकीय यंत्रणेवर तुमचा विश्वास किती? पूर्ण, बऱ्यापैकी, थोडा, अजिबात नाही?"

"तुला पगार किती रं बाळा?"

"पगार नाही आजी, फेलोशिप. ती पण सात महिने आली नाही."

आजी सावरून बसते. "अर्ज दिला का? पोच घेतली? शिक्का हाये का तिच्यावर? एकट्यानं जाऊ नको, साहेब चहाला गेल्यात म्हनतील. धा जनं जा, बायामानसं पुढं ठेवा. भाकरी बांधून न्या, म्हंजी उशीर झाला तरी उठायचं काम न्हाई. लेखी दिल्याबिगर हालायचं न्हाई. आन् लेखी दिलं तरी तारीख वाचून घ्यायची."

संशोधक मन लावून ऐकतो. पेनाला टोपण केव्हाच लावलेलं असतं, कारण हे प्रश्नावलीबाहेरचं. मग घड्याळ बघून घाईघाईने तो शेवटचा रकाना भरतो, 'आंदोलनातील सहभाग : माहिती उपलब्ध नाही', आणि आजीच्या अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढे करतो.

आजी पॅड बाजूला सारते, पेन मागून घेते आणि सही करायच्या आधी कागद वाचायला लागते. पाचची एसटी जाते.