पद्मिनीच्या डॅशबोर्डात एलईडी कशी बसवावी

सोलापुरात 1882 साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि पुढे याच कंपनीची पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडू लागली. तेव्हा पद्मिनीचा डॅशबोर्ड उचकटण्याचा पहिला हक्क सोलापूरकराचा, यात वाद नसावा. हक्क बजावण्याआधी बॅटरीची अर्थ वायर सोडवावी आणि सीटखाली सोलापुरी चादर अंथरावी. तिच्या मोरांवर स्क्रू पडला तर दिसतो. सीटखाली गेला तर गाडी विकताना घेणाऱ्याला सापडतो.

आता मूळ मुद्दा. डॅशबोर्डवरचा बल्ब रिकामटेकडा दिसतो, पण तो कामावर असतो. गाडी चालू असताना सुमारे 14 व्होल्ट मिळतात. लाल एलईडीला 2 पुरतात, उरलेले 12 अडवायला 680 ओहमचा रेझिस्टर लावला की जेमतेम 18 मिलिअँपिअर वाहतात. 2.2 वॉटचा जुना बल्ब याच्या दहापट करंट सोडतो. अल्टरनेटर बसवलेल्या बऱ्याच गाड्यांत चार्जिंगच्या दिव्यातून जाणारा हाच करंट अल्टरनेटरला जागं करतो. एलईडीच्या 18 मिलिअँपिअरने तो कूसही बदलत नाही. (डायनामोचे असले लाड नाहीत; लोखंडात उरलेल्या चुंबकत्वावर तो आपला आपण उठतो.) साइड इंडिकेटरची गंमत आणखी वेगळी. काही जुन्या गाड्यांत डाव्या-उजव्याला मिळून एकच दिवा असतो आणि करंट त्यातून कधी इकडून, कधी तिकडून जातो. बल्बला दोन्ही सारखेच. एलईडी मात्र एकाच दिशेला मानते. मग सोलापूरच्या सात रस्त्यावर डावीकडे वळताना ती लुकलुकते, उजवीकडे वळताना मौन पाळते. यावर दोन एलईडी उलटसुलट जोडाव्यात, म्हणजे एक रुसली तरी दुसरी बोलते.

कोणी म्हणेल, वीज तर वाचते! वाचते ना, दोन वॉट. आणि ती ज्या हेडलाइटखाली वाचते तो एकटा पंचेचाळीस-पन्नास खातो. बल्ब उडतो, हा आक्षेप मात्र खरा आहे. चार्जिंगचा बल्ब उडाला की अल्टरनेटरही झोपतो, आणि ते कळवायचं काम त्या उडालेल्या बल्बाकडेच असतं. म्हणून एलईडी जरूर बसवावी, पण चार्जिंगच्या जागी जुना बल्ब फेकू नये. रेझिस्टरसकट एलईडीला समांतर जोडून तो डॅशबोर्डच्या मागे, वायरींच्या गुंत्यात, कोणाला दिसणार नाही असा टांगून ठेवावा.