शर्यतीच्या गाडीची हायब्रिड बॅटरी, घरच्या घरी

बॅटरी म्हणजे वीज साठवायची टाकी, असं तुम्हाला वाटत असेल, तर कृपया इन्व्हर्टरच्या दुकानात जा. तिथे तुमचं कल्याण होईल. शर्यतीत साठवत बसायला कुणाला सवड नसते. डेटोनाच्या चोवीस तासांच्या शर्यतीत २०२३ पासून धावणाऱ्या एलएमडीएच वर्गातल्या हायब्रिड गाड्यांचा बॅटरी-पॅक १.३५ किलोवॉट-तासांचा आहे. वीजबिलाच्या हिशेबात दीड युनिटही नाही. शेजारच्या काकूंची इलेक्ट्रिक स्कूटर याच्या दुप्पट वीज पोटात घेऊन भाजी आणायला जाते. पण काकूंची स्कूटर रात्रभर निवांत भरते. इथे ब्रेक दाबला की काही सेकंदांत गिळायचं, वळण संपलं की तितक्याच घाईने ओकायचं, आणि हे दिवसरात्र.

म्हणून सेल घेताना विक्रेता ‘यात जास्त मावतं’ म्हणाला, की पुढचं दुकान गाठा. आपल्याला इलेक्ट्रोडवरचा लेप पातळ हवा. लेप पातळ, की लिथियमच्या आयनांची पायपीट कमी, आतला रोध कमी, तापणं कमी. साठाही कमी होतो, त्याला इलाज नाही.

आता सेल एकामागे एक जोडा. एकाचे साधारण ३.७ व्होल्ट, म्हणजे ८०० व्होल्टसाठी दोनशेच्या वर सेलची रांग लागेल. इतकं व्होल्टेज कशाला? तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह कमी लागतो; आणि प्रवाह दुप्पट झाला तर तारेतली उष्णता चौपट होते. मात्र एक सेल आजारी पडला, की अख्खी रांग त्याच्या तब्येतीने चालते. तेव्हा प्रत्येकाचं व्होल्टेज आणि तापमान पाहणारी यंत्रणा बसवा. थंड ठेवायचा द्रव थेट सेलना लागणार असेल, तर वीज न वाहणारा घ्या. नळाचं पाणी ओतून बघू नका.

फॉर्म्युला वनमध्ये २०१४ च्या नियमांनी सेल आणि त्यांच्या जोडण्यांचा संसार २० ते २५ किलोंत बसवायला लावला. जागा चालकाच्या पाठीमागे, इंधनाच्या टाकीखाली. वाचून पोटात गोळा आला असेल, तर तुमची पात्रता सिद्ध झाली.

हात लावण्याविषयी थोडं सविस्तर. जुलै २००८ मध्ये हेरेथच्या सर्किटवर बीएमडब्ल्यूच्या हायब्रिड यंत्रणेच्या चाचणीत पिटमध्ये आलेल्या गाडीला एका मेकॅनिकने हात लावला आणि शॉक बसून तो खाली पडला. सुदैवाने वाचला. तपासात कळलं, की बॅटरीचा थेट दोष नव्हताच. नियंत्रक पेटीतून उच्च दाबाची वीज अधूनमधून शेजारच्या साध्या १२ व्होल्टच्या तारांत उतरत होती, तिथून स्टिअरिंगपर्यंत जात होती आणि कार्बनच्या चेसिसमधून परत येत होती. कार्बन फायबर वीज वाहून नेतं, हे पेन्सिलीतलं ग्रॅफाइट पाहिलेल्याला नवल नाही. पण गाडीवर हात ठेवताना पेन्सिल कुणाला आठवते? त्याच महिन्यात रेड बुलच्या मिल्टन कीन्सच्या कारखान्यात अशाच यंत्रणेची चाचणी चालू असताना धूर झाला आणि इमारत रिकामी करावी लागली. तेव्हा प्रयोग स्वतःच्या स्वयंपाकघरात नको, भावकीतल्या कुणाच्या तरी पाहा.

इथवर नीट वाचलं असेल, तर आता सगळं विसरा. एलएमडीएचमध्ये बॅटरी तुम्ही करायचीच नसते. नियमानेच सगळ्यांना एकच संच: मोटर बॉशची, गिअरबॉक्स एक्सट्रॅकचा, बॅटरी तेव्हाच्या विल्यम्स अॅडव्हान्स्ड इंजिनिअरिंगची. पोर्शे असो, कॅडिलॅक असो, सगळे एकाच खिडकीपुढे रांगेत. खर्च आटोक्यात राहतो, हे खरं. पण खिडकी बंद झाली, तर सगळ्यांचीच. ही विल्यम्स कंपनी २०२२ मध्ये फोर्टेस्क्यू या ऑस्ट्रेलियन लोहखनिजवाल्यांनी विकत घेतली, खाणीतले प्रचंड डंपर विजेवर चालवायला. शर्यतीवाल्यांची गिऱ्हाइकी किती छोटी असते, ते यावरून ओळखा.

पॅक विमानाने मागवणार असाल, तर सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्यांना २०१६ पासून प्रवासी विमानात माल म्हणून जागा नाही, आणि मालवाहू विमानातही, खास परवानगी नसेल तर, त्या तीस टक्क्यांहून अधिक भरलेल्या चालत नाहीत. अर्ज करणारा कारकून सेल निवडणाऱ्या इंजिनिअरइतकाच हुशार ठेवा.

शेवटची सूचना चालकासाठी. गाडी बंद पडली आणि सुरक्षिततेचा दिवा हिरवा नसेल, तर कॉकपिटच्या कठड्यावर उभे राहा आणि दोन्ही पाय जुळवून लांब उडी मारा. पाय जमिनीला टेकतील तेव्हा हात गाडीवर नको. हेल्मेट मग काढा.